आरामगट

उंदरांना ताण देण्यासाठी संस्थेत एक मंजूर पद होतं आणि त्या पदावर मुंगी काम करत होती. पदाचं नाव इतकं लांबलचक होतं की दारावरच्या पाटीवर ते मावेना, म्हणून शेवटचे तीन शब्द पाटीखाली भिंतीवर रंगवून घेतले होते. मुंगी हे अर्थातच घरातलं नाव. लहानपणी ती स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत घरभर फिरायची, म्हणून दादाने ते ठेवलं होतं. संस्थेत तिला मॅडम म्हणत. पण आपल्याला तिच्या घरीही जायचंय, तेव्हा आपण मुंगीच म्हणू.

संशोधनाचा विषय गंभीर होता. बोटात काटा गेला की बोट लाल होतं, सुजतं, ठणकतं. शरीर आपल्या परीने लढतं आणि काटा निघाला की गप्प बसतं. पण काटा दिसतच नसेल आणि रोज टोचत असेल तर? तर रक्तात एक बारीक दाह धुमसत राहतो, वरून राख आणि आत निखारा, आणि त्याचा धूर मनावर चढतो. माणूस हसेनासा होतो, उठेनासा होतो. निदान काही जणांच्या बाबतीत तरी असं होत असावं, असा मुंगीचा कयास होता. कयासाला पुरावा लागतो आणि पुराव्याला उंदीर लागतात.

त्यासाठी उंदरांचे दोन गट केले होते. एक ताणगट. यांचा पिंजरा तिरका करायचा, अंथरूण ओलं करायचं, झोपेच्या वेळी दिवा लावायचा, आणि शेवटी पाण्यात सोडून किती वेळ हातपाय मारतात ते बघायचं. दुसरा आरामगट. यांना काही म्हणजे काही करायचं नाही. खावं, प्यावं, लोळावं. मग दोघांचं रक्त तपासायचं. ताणगटात दाह सापडणार, आरामगटात सापडणार नाही. जग आजवर डोंगर पोखरून उंदीर काढत आलं. मुंगी उंदीर पोखरून डोंगर काढून दाखवणार होती.

हा पुरावा तिला संस्थेसाठी हवा होता हे खरं, पण त्याहून जास्त तो अण्णांसाठी हवा होता. अण्णा म्हणजे तिचे वडील. त्यांनी जन्मभर कारखान्यांतले बॉयलर तपासले. दाबाचा काटा बघायचा, शिक्का मारायचा, पुढच्या कारखान्यात जायचं. ज्याला काटा नाही आणि ज्यावर शिक्का नाही, ते जगात नाहीच, अशी त्यांची पक्की समजूत. आणि त्यांचा थोरला मुलगा, मुंगीचा दादा, गेल्या हिवाळ्यापासून खोलीत पडून होता. हा दादा पोहायला शिकवायचा. पाण्याला घाबरून किंचाळणारी कितीतरी पोरं त्याने मासोळ्यांसारखी करून सोडली होती. तोच माणूस आता अंघोळीच्या पाण्याकडेही फिरकेना. जेवण ताटात, बोलणं पोटात आणि पडदे ओढलेले.

डॉक्टरीणबाईंनी तपासून गोळ्या दिल्या होत्या आणि स्पष्ट सांगितलं होतं, "हा आजार आहे. औषध चुकवू नका, विश्रांती घेऊ द्या, आणि कृपा करून त्याच्या डोक्यावर बसू नका." अण्णांनी गोळ्या कपाटात ठेवल्या आणि ते दादाच्या डोक्यावर बसले.

"कुठे दुखतं ते बोट ठेवून दाखव," ते म्हणत.

"दाखवता येत नाही, अण्णा."

"मग दुखत नाही. आणि मन दुखतंय म्हणून पोटात गोळी घालायची, हे कुठलं शास्त्र?"

रोज सकाळी उजाडलं रे उजाडलं की अण्णा सर्रकन पडदे उघडत आणि गरजत, "ऊठ! जग कुठे चाललंय बघ!" दादा खिडकीबाहेर बघायचा. जग जिथल्या तिथे असायचं. दर आठवड्याला आत्या यायची. अण्णांची ही बहीण स्वभावाने प्रेमळ आणि आवाजाने भोंगा. ती दादाच्या पायथ्याशी बसून म्हणायची, "तुला काय कमी आहे रे? वेळेवर जेवण, डोक्यावर छप्पर, कामाचा त्रास नाही. नुसता आराम!" मग ओळखीतल्या, दादापेक्षा जास्त दुःखी लोकांची माहिती द्यायची. शेवटी हनुवटी धरून म्हणायची, "हास बघू जरा." दादा हसायचा. हसल्याशिवाय आत्या उठत नसे.

एवढं करूनही पोरगा उठेना, तेव्हा अण्णांनी निर्वाणीचा उपाय काढला. त्यांच्या एका जुन्या मित्राचं टेकडीवर शिस्त शिबिर होतं. तिथे पहाटे पळवत, गार पाणी ओतत, आणि रडणाऱ्याला दोन फेऱ्या जादा देत. पुढच्या तुकडीत दादाची जागा पक्की झाली.

"अण्णा, तो मोडेल हो," मुंगी कळवळून म्हणाली.

"तुझ्या संस्थेचा शिक्का आण. हे दुखणं शरीरातलं आहे असं शिक्क्यानिशी दाखव, मी त्याच्या खोलीत पाऊल टाकणार नाही. नाहीतर तुकडी निघेल त्या दिवशी मी स्वतः गाडीत बसवतो."

अण्णा शब्दाचे पक्के. तेव्हा तुकडी निघण्याच्या आत शिक्का मिळवायचा, एवढं एकच काम मुंगीपुढे उरलं.

संस्थेत काम सुरू झालं म्हणजे अडलं. उंदराला ताण द्यायचा तर प्राणी कल्याण समितीची परवानगी लागते, आणि तेही योग्यच आहे. समितीच्या अध्यक्षाबाई फार कनवाळू. पायाखाली किडा चिरडू नये म्हणून त्या सतत खाली बघून चालत, आणि त्यामुळे समोरून येणाऱ्या माणसांवर आदळत.

"पिंजरा तिरका केल्यावर उंदीर कुठल्या बाजूला घसरेल?" त्यांनी विचारलं.

"खालच्या," मुंगी म्हणाली.

"नेहमी?"

"आजवर तरी."

"मग उपसमिती नेमावी लागेल."

उपसमिती नेमली गेली. तिची पहिली बैठक दुसरी बैठक कधी घ्यायची हे ठरवण्यासाठी होती. तोवर ताणगटाला ताण देण्यास मनाई. त्यांचे पिंजरे वऱ्हांड्याच्या टोकाच्या खोलीत ठेवले होते. तिथे दिवसातून एकदा दाणापाणी जाई आणि बाकी कुणी तिकडे फिरकत नसे. अंधूक उजेड, सुकं अंथरूण, शांतता. ताणगट ताणाची वाट बघत पसरलेला असे.

आरामगटाला मात्र परवानगी लागत नव्हती, कारण त्याला काही करायचंच नव्हतं. मग संस्थेने त्याच्यासाठी सगळं केलं. संचालक येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पहिल्यांदा आरामगट दाखवत. पाहुणे काचेवर टिचक्या मारत, "अरे, हा बघा कसा मजेत आहे! ए, इकडे बघ!" उंदीर मजेत आहेत याची खात्री करण्यासाठी समिती दररोज येई. खात्री करण्याची पद्धत अशी की प्रत्येकाला शेपटीला धरून उचलायचं, तोलायचं, डोळ्यांत टॉर्च मारायची आणि चेहऱ्यावर समाधान शोधायचं. समाधान कमी दिसलं तर संगीत लावायचं. संगीताने एक उंदीर कोपऱ्यात जाऊन बसला, तेव्हा संगीताचा आवाज वाढवण्यात आला. संचालकांनी त्याच्याजवळ वाकून विचारलं, "काय कमी आहे रे तुला?"

मग ठरल्या तारखेला, ताण सुरू होण्याआधीची नोंद म्हणून, दोन्ही गटांचं रक्त तपासलं. ताणगटाचं रक्त निर्मळ होतं. आरामगट आतून पेटला होता.

मुंगीने नमुने पुन्हा तपासले. पिंजऱ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून चिठ्ठ्या पाहिल्या. सगळं बरोबर होतं. ती आकडे घेऊन संचालकांकडे गेली. संचालकांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मॅडम, हा तर युगप्रवर्तक शोध आहे! ताण आरोग्याला हितकारक असतो!"

"सर, तसं नाही..."

पण तसंच झालं. त्याच दुपारी परिपत्रक निघालं की कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीच्या दृष्टीने वरिष्ठांनी कनिष्ठांवर दिवसातून थोडा वेळ खेकसावं. वरिष्ठांनी उत्तम सहकार्य केलं. परिपत्रक निघण्याआधीपासून ते करतच होते, आता त्याला मान्यता मिळाली इतकंच.

मुंगीने पुन्हा संचालकांना गाठलं. "सर, ताणगटाला आपण ताण दिलेलाच नाही. परवानगी अजून उपसमितीत आहे. ते बिचारे बिनधास्त लोळतायत."

"आणि आरामगट? त्यांना आराम दिला ना आपण? कुठे कसूर केली?"

"आराम दिला नाही सर. आराम आहे ना, आराम आहे ना, असं विचारत राहिलो."

बोलता बोलता तीच थबकली. सर्रकन उघडलेले पडदे तिला आठवले, पायथ्याशी बसलेली आत्या आठवली, आणि हनुवटी धरल्यावर हसणारा दादा. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. संचालकांना वाटलं परिपत्रक लागू पडतंय, म्हणून ते आणखी थोडं खेकसले.

ती तडक अध्यक्षाबाईंकडे गेली. काय झालं ते ऐकून अध्यक्षाबाई हुंदके देऊन रडल्या. "आपण त्या मुक्या जिवांचा छळ केला! मॅडम, ताबडतोब नियम करा. तुम्हीच लिहा. उद्या मंजूर करू."

मुंगीने फार डोकं चालवलं नाही. डॉक्टरीणबाईंनी दादाबद्दल जे सांगितलं होतं तेच तिने सरकारी भाषेत उतरवलं. प्राण्याच्या खोलीत मोठ्याने बोलू नये. झोपलेल्या प्राण्यास उठवू नये. तुला काय कमी आहे, असे विचारू नये. एका प्राण्याची दुसऱ्या प्राण्याशी तुलना करू नये. आनंदी दिसण्याची सक्ती करू नये. अन्न जवळ ठेवावे, भरवण्याचा आग्रह धरू नये. सुरू असलेला औषधोपचार कुणीही आपल्या मर्जीने थांबवू नये. समितीत नियम वाचून दाखवले तेव्हा सदस्यांना गहिवरून आलं.

"किती माणुसकीचे नियम आहेत!" एक सदस्य म्हणाले.

"मग माणसांनाही लागू करता येतील का?" मुंगीने संधी साधली. "माझा भाऊ आजारी आहे. तुमच्या शिक्क्याचं एक पत्र मिळालं तर..."

अध्यक्षाबाईंनी तिच्याकडे दयेने पाहिलं. "माणूस आमच्या कक्षेत येत नाही हो. आम्ही मुक्या प्राण्यांसाठी. माणसाला तोंड आहे, तो तक्रार करू शकतो."

"तो कित्येक महिने आपणहून बोललेलाच नाही, बाई."

"बोलत नाही आणि बोलता येत नाही, यात फरक आहे. त्यांना सांगा, मन रमवा. फिरायला जा म्हणावं."

नियमांची ठळक पाटी आरामगटाच्या दारावर लागली, खाली समितीचा गोल शिक्का. पण संस्था ती संस्था. शांतता पाळली जाते की नाही हे बघायला समिती आता दिवसातून दोनदा येऊ लागली, करकरणारे बूट घालून. संचालक पाहुण्यांना आधी पाटी दाखवत, मग मोठ्याने वाचून दाखवत. रक्तातला दाह उतरेना. शेवटी समितीने ठराव केला की संस्था हेच आरामगटाच्या दुखण्याचं मूळ असून उंदरांना शांत घरगुती वातावरणात हलवावं. कर्मचाऱ्यांची घरं तपासायला घेतली. एकाच्या घरी मुलगा ढोल शिकत होता. एकाकडे सासू-सुनेचं बोलणं चालू होतं, आणि दुसऱ्याकडे ते बंद होतं, हे त्याहून वाईट. उंदरांना ठेवावं असं घर मिळेना, आणि त्या घरांत माणसं कशी राहतात हा प्रश्न समितीच्या कक्षेत येत नव्हता.

मुंगीच्या घरी अध्यक्षाबाई स्वतः आल्या. बैठकीच्या खोलीत अण्णांचा आवाज ऐकून त्यांनी कानावर हात ठेवले. मग मुंगीने दादाच्या खोलीचं दार हळूच उघडलं. ओढलेले पडदे, अंधूक उजेड, भिंतीकडे तोंड करून पडलेला एक माणूस.

"अगंबाई! आदर्श खोली!" अध्यक्षाबाई कुजबुजल्या. "इथे कोण राहतं?"

"माझा भाऊ."

"असू देत. ते काही आवाज करत नाहीत ना?"

"नाही."

"मग तेच सोबती. आधी एकच उंदीर ठेवू, आणि एकट्या उंदराला करमत नाही."

आणि तिथल्या तिथे त्यांनी नियमांत भर घातली. सोबती वारंवार बदलू नये. सोबत्यास प्रवासास पाठवू नये. सोबत्याची औषधे वेळच्या वेळी द्यावीत, कारण सोबती अस्वस्थ असल्यास उंदीर अस्वस्थ होतो. मग खाली शिक्का, पाटी दादाच्या दारावर आणि पिंजरा आत.

अण्णा संध्याकाळी पाटीसमोर उभे राहिले. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. शिक्क्यावरून अंगठा फिरवला. शिक्का उठावदार होता, कडा तुटलेली नव्हती. अण्णांच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला.

"म्हणजे शिबिर?" त्यांनी विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजत विचारलं.

"सोबत्याला पाठवता येत नाही, अण्णा. नियम आहे."

"नियम म्हटल्यावर प्रश्नच मिटला," अण्णा म्हणाले आणि कपाटातून गोळ्या काढायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून घराची रीतच बदलली. अण्णा उंदराला 'साहेब' म्हणू लागले. समितीने पाठवलेला, शिक्क्यानिशी आलेला, तेव्हा हुद्द्याने मोठाच. "साहेब झोपलेत," म्हणून आईला भांडी हळू घासावी लागत. पडदे आता उजाडल्यावर उघडत नसत, दादा उघडेल तेव्हा उघडत. गोळीची वेळ झाली की अण्णा पाण्याचा पेला घेऊन चवड्यांवर चालत आत जात आणि एक अक्षर न बोलता बाहेर येत. आई पदार्थ करून ताट ठेवून जाई. "थोडं तरी खा रे" हे तिच्या ओठांवर यायचं, पण पाटी आठवून ती ते गिळायची आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. आत्या आली तर अण्णा दारात आडवे.

"अरे, पोराला भेटू तरी दे! त्याच्या भल्याचंच बोलते ना मी?"

"हळू! आत उंदीर आहे!"

"मग मी काय मांजर आहे?"

"तुलना करायची नाही. नियम आहे," अण्णा म्हणाले आणि बहिणीला पाटी दाखवली. आत्याने पाटी वाचली. वाचता वाचता तिच्या लक्षात आलं की दर आठवड्याला ती जे जे बोलते ते सगळं ओळीने मना केलंय. मग आत जाऊन मुकाट्याने दादाच्या पायथ्याशी बसली. एवढा वेळ ती गप्प बसल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं. जाताना तिने दादाच्या पावलांवरून फक्त हात फिरवला. दादाने पाय आखडून घेतले नाहीत.

दिवस गेले. सुरुवातीला दादा उंदराकडे बघतही नसे. मग एकदा पाण्याची बाटली रिकामी दिसली म्हणून उठला आणि भरून आला. उठलाच होता म्हणून तोंड धुतलं. पुढे पिंजऱ्यातलं अंथरूण बदलायचं काम त्याने आपणहून घेतलं. औषधही आता नेमाने पोटात जात होतं. यातल्या कशाचा किती वाटा, ते मुंगीला सांगता आलं नसतं, आणि तिने सांगायचा प्रयत्नही केला नाही.

एका संध्याकाळी ती पिंजऱ्यापाशी बसली असताना दादाने विचारलं, "तुमच्याकडे पाण्यातही सोडतात ना यांना?"

मुंगी दचकली. किती दिवसांनी दादाने आपणहून प्रश्न विचारला होता. "ताणगटाला. अजून परवानगी नाही. किती वेळ हातपाय मारतात ते बघायचं असतं."

"आणि मारायचे थांबले तर?"

"तर आम्ही लिहितो, हताश."

"वेडी का काय तू मुंगे?" दादा उठून बसला. "हातपाय थांबवले आणि नाक वर आहे, म्हणजे तरंगतोय तो. दमलेल्याला मी पहिलं तेच शिकवायचो. काठावरून लोक ओरडतात ना, मार हात, मार हात, त्यांच्यामुळेच बुडतो माणूस."

मुंगीने हळूच विचारलं, "दादा, तू तरंगत होतास?"

"काठावर फार गर्दी होती गं," दादा म्हणाला आणि किंचित हसला. या खेपेला हनुवटी कुणी धरलेली नव्हती. मुंगीला हसू की रडू असं झालं, म्हणून तिने दोन्ही केलं, पण नियमाप्रमाणे आवाज न करता.

यथावकाश समिती रक्त तपासायला आली. साहेबांच्या रक्तात दाहाचा मागमूस नव्हता. अध्यक्षाबाईंनी खोलीत नजर फिरवली तेव्हा पडदे अर्धे उघडे होते आणि सोबती दाढी करून खुर्चीत बसला होता. ही गोष्ट त्यांनी संचालकांच्या कानावर घातली आणि संचालकांचा चेहरा पुन्हा उजळला. मुंगीने लांबलचक अहवाल लिहिला होता. विश्रांती, औषध, शांतता, आणि डोक्यावर न बसणारी माणसं, असं सगळं त्यात होतं. संचालकांनी तो वाचून काढला आणि त्यातलं अनावश्यक ते सगळं गाळून निष्कर्ष काढला, उंदीर पाळल्याने मन प्रसन्न राहतं.

घरोघरी उंदीर देण्याची योजना जाहीर झाली. अर्जांचा पाऊस पडला. पाटी सोबत मिळेल असं कळवलं होतं, पण पाटी बहुतेकांना नको होती. भिंत खराब होते म्हणत. आत्याही मुंगीकडे आली.

"एक उंदीर दे गं मला. आमची सून हल्ली कुणाशी बोलत नाही. नुसती बघत बसते."

"आत्या, आधी डॉक्टरांना दाखव. आणि तिला जरा निवांत राहू दे. दादाजवळ गप्प बसलीस ना, तशी तिच्याजवळ बस."

"तेवढा वेळ कुणाला आहे बाई? तू आपला उंदीर दे."

योजनेच्या उद्घाटनाला पहिला मान अर्थातच साहेबांचा. संस्थेचे लोक आले आणि साहेबांना एका लहान पेटीत घालून घेऊन गेले. रिकामा पिंजरा नंतर नेऊ म्हणाले, आणि संस्थेचं नंतर म्हणजे कधीच नाही. अण्णा त्या वेळी बाहेर गेले होते. मुंगीने हिशेब केला. साहेब गेले म्हणजे नियम गेले, नियम गेले म्हणजे पडदे सर्रकन उघडणार. तिने पिंजऱ्यावर जुनी चादर टाकली, पाटी दारावर तशीच ठेवली आणि आईला शपथ घातली. दादाला म्हणाली, "अण्णांना सांगू नकोस." दादा म्हणाला, "मी कशाला बोलतोय? मी सोबती आहे."

काही दिवस असेच गेले. मग एका सकाळी अण्णा गोळी आणि पाणी घेऊन आत गेले, आणि मुंगी दाराच्या फटीतून बघत होती. खिडकीच्या वाऱ्याने चादर घसरली होती. पिंजरा उघडा, आत दोन दाणे आणि सुकलेलं अंथरूण. अण्णा पिंजऱ्याकडे बघत उभे राहिले. जन्मभर बॉयलर तपासलेला माणूस, रिकामं भांडं ओळखायला त्यांना वेळ लागत नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग अंथरुणाकडे पाहिलं. दादा कुशीवर झोपला होता, तोंड भिंतीकडे नव्हतं, खोलीकडे होतं. अण्णांनी पेला टेबलावर टेकवला, अजिबात आवाज न करता. चादर उचलून पिंजऱ्यावर नीट टाकली, चारी कोपरे सारखे केले. आणि चवड्यांवर चालत बाहेर आले.

"काय हो?" आईने घाबरत विचारलं.

"हळू बोल," अण्णा म्हणाले. "साहेब झोपलेत."

त्या घरात अजूनही सगळे कुजबुजत बोलतात. पाटीवरचा शिक्का फिका झालाय, तरी कुणी ती काढलेली नाही.

आता तुमच्या मनात काय आलंय ते मला ठाऊक आहे. पेटीत घालून नेलेल्या त्या बिचाऱ्या मुक्या उंदराचं पुढे काय झालं, हेच ना? काळजी करू नका, त्याची चौकशी करायला एक समिती आहे. आणि तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. दादा आता बराच बरा आहे.